हेझल आणि भाची: अफिलिएटेड इव्हेंटिंगसाठी जोडी तयार आहे का, हे ठरवण्याच्या नोंदी

14 जानेवारी 2024

हा प्रकल्प एकाच प्रश्नापुरता आहे: हेझल ही नऊ वर्षांची घोडी आणि तिच्यावर बसणारी माझी भाची यांची जोडी ब्रिटिश इव्हेंटिंग (बीई) या संस्थेच्या अधिकृत, म्हणजे अफिलिएटेड स्पर्धेत केव्हा उतरवावी, आणि उतरवायची तर कोणत्या स्तरावर. इव्हेंटिंग म्हणजे तीन कामांची स्पर्धा: ड्रेसाज (सपाट अरीनात ठरलेल्या हालचाली), शो जंपिंग (पडू शकणाऱ्या दांड्यांवरून उड्या) आणि क्रॉस कंट्री (मोकळ्या रानातले घट्ट अडथळे). हेझल आयर्लंडहून आलेली, आयरिश ड्राफ्ट आणि थरोब्रेड या जातींच्या संकरातली, कुमैत रंगाची घोडी आहे, आणि आधीच्या मालकाकडे तिने एक मीटर उंचीपर्यंतचे शो जंपिंग केलेले आहे. भाची नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी हॅम्पशरमधल्या आमच्या तबेल्यावर येते. तिची मांड पक्की आहे, हात हलका आहे. मात्र मोकळ्या रानातले लाकडी अडथळे तिने फारसे ओलांडलेले नाहीत. शिकवणारी मी आणि मावशीही मीच, त्यामुळे निर्णय मायेपोटी किंवा हौसेपोटी होऊ नये म्हणून निकष आजच लिहून ठेवते.

अफिलिएटेड स्पर्धांची शिडी बीई80 पासून सुरू होते. पुढे बीई90, बीई100, नॉव्हिस, इंटरमीडिएट आणि अ‍ॅडव्हान्स्ड. बीई80 मध्ये क्रॉस कंट्रीचे अडथळे जास्तीत जास्त 80 सेंटिमीटर आणि शो जंपिंगचे 85 सेंटिमीटर असतात. बीई90 मध्ये तेच आकडे 90 आणि 95 होतात. भाचीचे म्हणणे असे की हेझल एक मीटर मारते, मग बीई80 कशासाठी, सरळ नव्वदलाच उतरू. उंचीपुरते तिचे म्हणणे खरे आहे. परंतु उंची ही या खेळातली सर्वांत सोपी बाजू आहे, असे माझे इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून झालेले ठाम मत आहे. एकाच दिवशी, परक्या जमिनीवर, ड्रेसाज, शो जंपिंग आणि क्रॉस कंट्री या तीन वेगळ्या कामांत घोड्याने आणि स्वाराने एकमेकांवर विसंबून राहायचे असते, आणि त्यातले एखादे काम बिघडले तर पुढच्या कामावर त्याची सावली पडू द्यायची नसते.

म्हणून माझा निकष असा: जोडी ज्या स्तरावर उतरणार, त्याच्या वरच्या स्तराचे काम घरी तिने कंटाळा येण्याइतके सहज केले पाहिजे, अनधिकृत स्पर्धांमध्ये तिन्ही टप्पे एकाच दिवशी पूर्ण केलेले असले पाहिजेत, आणि त्या दिवसांपैकी निदान एका दिवशी काहीतरी बिघडलेले असले पाहिजे, म्हणजे बिघडल्यावर दोघी काय करतात हे मला पाहता येईल. सगळे सुरळीत गेलेल्या फेरीवरून मी निर्णय घेणार नाही.

3 फेब्रुवारी 2024

जानेवारीच्या आरंभी आलेल्या हेंक वादळानंतर कुरणांची दलदल झाली आहे, आणि गवतावर घोडा घालण्याजोगी जमीन उरलेली नाही. सध्या वाळूच्या अरीनात ड्रेसाज आणि उरलेल्या वेळात डांबरी रस्त्यावर व चढावर लांब वॉक (साधी चाल), एवढेच चालू आहे. कडक रस्त्यावरचा बेताचा वॉक आणि थोडी दुडकी पायांच्या स्नायुबंधांना हळूहळू घट्ट करते, त्यामुळे हा वेळ वाया गेला असे मी मानत नाही.

ड्रेसाजमध्ये मिळालेली टक्केवारी शंभरातून वजा होते आणि उरलेला आकडा दंड म्हणून दिवसभर सोबत राहतो. 65 टक्के मिळाले तर सुरुवातच 35 वर होते. मला मात्र गुणांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची चिंता आहे. हेझल उजव्या हातावर, म्हणजे उजवीकडे वळत जाताना, कँटरमधून (संथ दौडीतून) ट्रॉटवर (दुडकीवर) येताना मान वर टाकते आणि सात-आठ पावले लगामावर ओढत राहते. जी घोडी 20 बाय 40 मीटरच्या सपाट अरीनात वेळेवर आवरत नाही, ती उतारावरच्या ओंडक्यासमोरही आवरणार नाही. तीन पावलांत, लगामावर न रेलता, मान खाली ठेवून ट्रॉटवर येणे हे मी ड्रेसाजचे नव्हे, क्रॉस कंट्रीचे पूर्वतयारीचे काम म्हणून लिहून ठेवते आहे.

25 फेब्रुवारी 2024

छपराखालच्या अरीनात 90 सेंटिमीटरचे शो जंपिंग. दोन दांड्या पडल्या, आणि दुसरी पहिलीमुळे पडली.

दुहेरी अडथळ्याच्या दोन भागांतले अंतर 24 फूट होते. हे गणित साधे आहे: उतरायला 6 फूट, कँटरच्या एका ढांगेला 12 फूट आणि पुन्हा उडी घ्यायला 6 फूट. बंदिस्त जागेत हेझल ढांग आखडते, त्यामुळे दुसरा भाग तिला दूर पडला, ती चपटी झाली आणि मागच्या पायाने दांडी गेली. इथपर्यंत काही बिघडले नव्हते, दांडी पडतेच. पण दांडी पडल्याचा आवाज ऐकताच भाचीने मान वळवून मागे पाहिले. त्या क्षणी तिचा डावा खांदा मागे गेला, घोडी वळणात आतल्या बाजूला घसरली, आणि पुढच्या उभ्या अडथळ्यावर दोघी तिरक्या पोहोचल्या. भाचीशी बोलताना मी पहिल्या दांडीचा विषय काढलाच नाही. फक्त एवढेच सांगितले की पडलेली दांडी उचलून ठेवणारे लोक तिथे नेमलेले असतात.

17 मार्च 2024

हंगाम सुरू झाला, पण पाण्याने भरलेल्या जमिनींमुळे एकामागून एक स्पर्धा रद्द होत आहेत. तबेल्यावरचे इतर स्वार जिथे जागा मिळेल तिथे प्रवेशिका भरत आहेत, आणि हेझलसाठीही तसाच सल्ला मला दिला गेला: उतरवून तर पाहा, तिथेच कळेल. हा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो, पण मला तो पटत नाही. क्रॉस कंट्रीचा अडथळा घट्ट बसवलेला असतो, शो जंपिंगच्या दांडीसारखा तो सुटून पडत नाही. घोडी तयार नसल्याचे तिथे कळले, तर ते कळण्याची किंमत तीच चुकवते, आणि तिचा एकदा गेलेला विश्वास परत मिळवायला पूर्ण हंगाम जातो.

13 एप्रिल 2024

ट्वेझलडाउनला क्रॉस कंट्रीचा सराव. जमीन वाळूमिश्रित असल्याने पाणी झिरपून जाते, आणि म्हणूनच आसपासची कुरणे अजून ओली असताना तिथे घोडा घालता येतो. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमधली इव्हेंटिंगची क्रॉस कंट्री याच जुन्या रेसकोर्सवर झाली होती. त्या वर्षी यजमानांची कामगिरी फिकी पडली आणि त्यातूनच दहाव्या ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांनी 1949 मध्ये बॅडमिंटन या आपल्या इस्टेटीवर इव्हेंटिंगची स्पर्धा सुरू केली. त्या काळी हा खेळ मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांचा होता, आणि ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगमध्ये स्त्रियांना 1964 पर्यंत उतरता येत नव्हते. आज त्याच उतारावर भाचीसारख्या नोकरदार मुली आपल्या घोड्या घेऊन येतात, याचे मला मनापासून समाधान वाटते.

ओंडके, झुडपाचे अडथळे, चढती आणि उतरती पायरी हे सर्व हेझलने कान टवकारून केले. उतरत्या पायरीवर भाचीने लगाम बोटांतून सरकू दिला आणि जमिनीवर आल्यावर पुन्हा गोळा केला. हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

चराशी मात्र गाडी अडली. चर उघडा होता, दोन्ही कडा लाकडाने बांधलेल्या, रुंदी एका ढांगेच्या निम्मीही नाही. हेझल ट्रॉटवर आली, शेवटच्या दोन पावलांत तिची पुढची टाप जड झाली, मान चराच्या पातळीपर्यंत खाली गेली, आणि ती फुरफुरत जागच्या जागी थांबली. मी घोडीकडे नव्हे, भाचीच्या हेल्मेटकडे पाहत होते. हेल्मेटची पुढची कड खाली झुकलेली होती, म्हणजे भाचीसुद्धा चरातच पाहत होती. स्वाराची नजर खाली गेली की डोक्याचे वजन पुढे जाते, पोटरी मागे सरकते, आणि ज्या क्षणी घोड्याला पायाचा आधार हवा त्याच क्षणी तो सुटतो. हेझल चराला घाबरली होतीच, पण चर भयंकर आहे असे तिला वरूनही कळवले जात होते.

आधी तबेल्यातल्या जुन्या घोड्याला पुढे घालून वॉकवर चर ओलांडला. मग तो घोडा बाजूला उभा केला. मग त्याला इतका दूर नेला की हेझलला तो दिसू नये. भाचीला चरापलीकडच्या पाइनच्या शेंड्यावर नजर ठेवायला सांगितली आणि शेंड्यावर काय दिसते ते मोठ्याने बोलत राहायला लावले, कारण बोलताना श्वास कोंडून ठेवता येत नाही. शेवटी हेझल कँटरवर, एकटी, कान पुढे करून चरावरून गेली.

तरीही आजची नोंद अशीच आहे की चर हा अडथळा पुढे दुसरा घोडा असल्याशिवाय पहिल्याच भेटीत पार झालेला नाही. स्पर्धेत पुढे कोणी नसते, आणि क्रॉस कंट्री चालू असताना बाहेरून स्वाराला मार्गदर्शन करायलाही नियमाने बंदी आहे. या एका कारणासाठी मे महिन्यातल्या प्रवेशिकेचा विचार सोडून देते.

27 एप्रिल 2024

दुसऱ्या, अनोळखी ठिकाणी चर. पहिल्याच खेपेस, एकटीने. हेझलने वेग कमी केला, पण थांबली नाही. भाचीची हनुवटी वर होती.

5 मे 2024

दमाची मोजणी. कुरणाच्या कडेने मोजणीच्या चाकाने 400 मीटर मोजून खुंट्या मारल्या. बीई80 चा वेग मिनिटाला 435 मीटर असतो, म्हणजे या दोन खुंट्यांमधले अंतर साधारण 55 सेकंदांत कापले गेले पाहिजे. बीई90 च्या 450 मीटरसाठी 53 सेकंद लागतात. भाचीच्या मनगटावर घड्याळ नव्हते, ते माझ्या हातात होते, कारण मला आकडा गाठून घ्यायचा नव्हता, तिला वेगाचा अंदाज आपल्या अंगाने येतो का ते पाहायचे होते. पहिल्या खेपेस ती 49 सेकंदांत आली आणि आपण सावकाश आलो असे तिला वाटत होते. शेवटच्या खेपेस 55.

वॉकच्या विश्रांतीसह तीन वेळा कँटर झाल्यावर खोगीर उतरवले आणि दहा मिनिटांनी डाव्या कोपरामागे, तंग बसतो त्या जागी, स्टेथोस्कोप लावला. 15 सेकंदांत 14 ठोके, म्हणजे मिनिटाला 56. विश्रांतीच्या वेळी घोड्याचे ठोके 28 ते 44 च्या दरम्यान असतात, त्या मानाने उतार चांगला आहे. नाकपुड्या शांत झाल्या होत्या आणि घामाचे पाणी पातळ होते, फेसाळ नव्हते. घोडीचा दम बीई90 ला पुरेल, याबद्दल आता शंका नाही.

वेगाबद्दल भाचीला एक हिशेब लिहून दिला. दोन किलोमीटरचा मार्ग धरला तर बीई80 ला 4 मिनिटे 36 सेकंद मिळतात. ठरलेल्या वेळेपुढच्या प्रत्येक सेकंदाला 0.4 दंड असतो आणि घोडा पहिल्यांदा अडला तर 20. म्हणजे अडथळ्यापुढे एकदा थांबणे हे पन्नास सेकंद उशिरा येण्याइतके महाग आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या फवाद मिर्झा यांनी सेन्यॉर मेडिकॉट या घोड्यावर हाच तोल राखला होता: ड्रेसाजमध्ये 28.00, क्रॉस कंट्रीत एकही नकार नाही, फक्त वेळेचा 11.20 दंड, आणि शेवटी वैयक्तिक 23 वे स्थान. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांनी शहजादा या घोड्यावर मिळवलेल्या सुवर्णपदकापासून 2018 च्या जकार्तातल्या मिर्झांच्या रौप्यपदकापर्यंत आपल्याकडे या खेळात वैयक्तिक पदकाचा मोठा खंड पडला. म्हणूनच मिर्झांची ती संथ आणि स्वच्छ फेरी मला इथल्या कित्येक वेगवान फेऱ्यांपेक्षा जास्त शिकवण्याजोगी वाटते.

19 मे 2024

रायडिंग क्लबची अनधिकृत एकदिवसीय स्पर्धा, 80 सेंटिमीटर, तिन्ही टप्पे. ज्या दिवसाची मी वाट पाहत होते तो आज आला.

ड्रेसाज गवतावर होते आणि त्याच वेळी शेजारच्या वाटेने घोडे क्रॉस कंट्रीला निघाले होते. हेझल दोनदा खिंकाळली, पण उजव्या हातावरचे कँटर ते ट्रॉट चार पावलांत झाले. शो जंपिंगमध्ये एक दांडी पडली. भाचीने मागे पाहिले नाही.

क्रॉस कंट्रीत सातव्या क्रमांकाला पाणी होते. ऊन पाण्यावरून थेट डोळ्यांत येत होते. हेझल काठावर आली, डावीकडे कलली आणि थांबली. मी कुंपणाबाहेर काही अंतरावर उभी होते आणि मला बोलायची मुभा नव्हती. भाचीने चाबूक उगारला नाही आणि लगामाला हिसकाही दिला नाही. तिने घोडीला उजवीकडे वळवले, कारण घोडी डावीकडे कलली होती. दहा-बारा ढांगांचे वर्तुळ घेतले, कँटर आखूड केला, शेवटी ट्रॉटवर आणून दोन्ही पोटऱ्या आवळल्या आणि पाण्यापलीकडच्या लाल-पांढऱ्या झेंड्यांवर नजर ठेवली. हेझल पाण्यात उतरली, तिसऱ्या पावलाला आश्वस्त झाली, आणि बाहेर येताच लगेच असलेला अरुंद अडथळा दोघींनी मधोमध घेतला. माझ्या दृष्टीने दिवसाची कसोटी तो अरुंद अडथळा होता. पाण्याचा राग किंवा भीती दोघींपैकी एकीच्याही मनात उरली असती, तर घोडी तिथे नक्की बाजूने निघून गेली असती.

निकालात 20 चा दंड लागला आणि जोडी यादीत खाली गेली. भाची हिरमुसली होती. तिला म्हटले, "आज तू मला जे दाखवलंस, ते रिबन लावून आली असतीस तर दिसलं नसतं." तिला ते लगेच पटले नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. शेवटच्या तीन अडथळ्यांवर लगाम लांब झाले होते आणि भाची प्रत्येक ढांगेला खोगिरावर आपटत होती. घोडीचा दम शाबूत होता, संपला होता तो स्वाराचा. पाच मिनिटे रिकिबीवर उभे राहून, गुडघे मऊ ठेवून पाठीवर भार न देता पळणे हा वेगळाच व्यायाम आहे आणि तो केवळ घोड्यावर बसून कमावता येत नाही. जिने चढणे आणि धावणे आजपासून तिच्या आठवड्यात लिहिले.

2 जून 2024

सामानाचा आणि कागदांचा दिवस. नालबंदाने स्टड (पकडीसाठीचे खिळे) बसवता येतील असे छेद असलेले नाल ठोकले, कारण पावसानंतरच्या गवतावर घोडी वळणात घसरली तर सगळी तयारी वाया जाईल. नवीन स्नायू भरल्यामुळे खोगीर खांद्यामागे किंचित दाबत होते, ते दुरुस्त करून घेतले. पासपोर्टातल्या फ्लूच्या लशींच्या तारखा तपासल्या. बॉडी प्रोटेक्टर आणि हेल्मेट चालू मानकांचे आहेत, दंडावर बांधायच्या पट्टीतले वैद्यकीय कार्ड भाचीकडून माझ्यासमोर भरून घेतले.

9 जून 2024

अनधिकृत स्पर्धा, 90 सेंटिमीटर. क्रॉस कंट्रीत एकही नकार नाही, वेळेचा किरकोळ दंड, शो जंपिंग स्वच्छ. भाचीने गाडीतच विषय काढला. "मावशी, नव्वद क्लिअर आहे. आता तरी?"

निकालपत्र तिच्या बाजूने आहे, हे मी मान्य केले. पण निकालपत्रात न आलेले तीन क्षण मी तिच्यासमोर ठेवले. नवव्या अडथळ्याला हेझल एक ढांग आधीच उडाली, कारण भाचीने अंतर पाहिलेच नव्हते. भाचीची उजवी रिकीब सुटली आणि घोडीने मान वर धरून तिला सांभाळून घेतले. अकराव्याला पाय रिकिबीत परत गेलेला नसतानाही ती वेग कमी न करता निघाली. आणि चराच्या जोडअडथळ्यात दोघी आत गेल्या त्या घोडीच्या प्रामाणिकपणावर, स्वाराच्या तयारीवर नव्हे. या तीनही ठिकाणी घोडीने उसने दिले. हेझल नव्वदसाठी तयार आहे. जोडी ऐंशीसाठी तयार आहे. अफिलिएटेड मार्गांवरचे अडथळे त्याच उंचीच्या अनेक अनधिकृत मार्गांपेक्षा अधिक भरीव दिसतात आणि एकामागून एक अधिक जवळजवळ येतात. तिथे घोडीला दर वेळी उसने द्यायला लावले, तर तिचा प्रामाणिकपणा संपतो आणि मग ती अडायला लागते. अशा चांगल्या घोड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचा दोष नसताना त्यांना अडेलतट्टू म्हटलेलेही ऐकले आहे.

भाची बराच वेळ गप्प होती. नंतर तिने नववा अडथळा कसा दिसला होता ते स्वतःहून, अगदी तपशिलाने सांगितले. अडथळ्याऐवजी आपण त्यापुढच्या वळणाकडे पाहत होतो, हे तिच्याच तोंडून आले. तिला इतके स्वच्छ आठवते आहे, हे मला उत्तम लक्षण वाटले.

16 जून 2024

निर्णय झाला. जुलैमधल्या एका स्पर्धेची बीई80 ची प्रवेशिका आज भरली. घोडीची नोंदणी आणि भाचीचे सदस्यत्व पूर्ण झाले.

माघार केव्हा घ्यायची हेही आजच ठरवून दोघींनी सही केली, म्हणजे आदल्या रात्री वाद नको. जमीन कोरडी पडून टणक झाली असेल, हेझलच्या पायांना सकाळी ऊब किंवा सूज असेल, किंवा भाचीची झोप सलग दोन रात्री झाली नसेल, तर उतरायचे नाही. प्रवेशाचे पैसे गेले तरी चालतील. आदल्या दिवशी मार्ग पायी चालून पाहायचा, आणि प्रत्येक अडथळ्यापाशी भाचीने मला दोन गोष्टी सांगायच्या: इथे कसे यायचे, आणि घोडी अडली तर कुठल्या बाजूने वळून परत यायचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या अडथळ्याला तिच्याकडे नसेल, तिथे पुन्हा चालत जायचे.

नव्वदचा विचार बीई80 च्या किमान तीन फेऱ्यांनंतर, आणि त्या फेऱ्यांत दोन्ही रिकिबी शेवटपर्यंत पायात राहिल्या असतील तरच.